कंडक्टरबाईंची कवळी

दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे कवळीताई म्हणत. पुढच्या खोलीत दातांची डॉक्टरीण, तिची ती एकुलती एक खुर्ची आणि बाकावर गाल धरून बसलेली माणसं. मागच्या खोलीत कवळीताई, तिचं मेण, तिचं प्लास्टर आणि फळ्यांवर ओळीने मांडलेली लोकांची तोंडं. तोंडं म्हणजे साचे. वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ती हिरड्यांवरून ओळखायची आणि रस्त्यात समोर आली तर एकालाही ओळखायची नाही. एखादे आजोबा भर बाजारात तिला अडवायचे, "अहो ताई, हे तुमचेच दात," असं म्हणून आ वासायचे, तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटायची. "अगंबाई, डाव्या बाजूचा तो उंचवटा तुमचा होय!"

दवाखाना वस्तीनेच चालवलेला. जागा जुन्या छापखान्याची, त्यामुळे पावसाळी हवेत भिंतींना अजून शाईचा वास यायचा. इथे ज्याची जेवढी ऐपत तेवढी फी. बाहेर कवळीचा भाव विचारायला गेलेली माणसं आकडा ऐकून तोंड मिटून परत यायची आणि मग इथल्या यादीत नाव घालायची. यादी लांबलचक, कारण कवळ्या करणारे हात दोनच. नाव घातल्यापासून दात तोंडात पडेपर्यंत सात महिने सहज जायचे. तोवर माणूस भात कालवून, पाव भिजवून दिवस काढायचा.

इथे येण्याआधी बावीस वर्षं ती शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये होती. तिथले दात गाड्यांतून येणाऱ्या लोकांचे. हेड कारागीर मोठा खडूस. हातात पट्टी घेऊन फिरायचा. पुढचे सहा दात पट्टीला लागले नाहीत तर अख्खं काम मेणासकट परत कढईत. त्याने तिच्या हाताला असं वळण लावलं, की डोळे मिटून दात बसवले तरी ओळ रेघ मारल्यासारखी यायची. या दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरीण सहज म्हणून गेली, "ताई, इथे सामान कमी, माणसं जास्त. जमेल तसं करा." एवढ्यावरून ही भडकली. "जमेल तसं म्हणजे? गरिबाच्या तोंडात वाकडे दात चालतात होय?" डॉक्टरीण वयाने तिच्या भाचीएवढी. तिने लगेच कान पकडले. तेव्हापासून त्या मागच्या खोलीतून बाहेर पडलेली एकेक कवळी अशी, की गाडीवाल्यांनी हेवा करावा. हा तिचा अभिमान होता. दुसरा कसलाच नव्हता. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, घरी एक खोली आणि एक रेडिओ.

तर एक दिवस डॉक्टरीण मागे आली आणि एक कवळी तिच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बघा हो जरा. दोन महिन्यांपूर्वीची तुमचीच आहे. बाई तपासणीला आल्यात. म्हणतात, टोचत नाही, सैल नाही, सगळं झकास आहे. मग वजन का उतरलंय? मला तर मागच्या वेळेपेक्षा निम्म्या दिसल्या."

कवळीताईने दिवा ओढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि कवळी उलटीपालटी करून पाहिली. दोन महिन्यांत दाढांना चावल्याच्या खुणा पडतात, चहाचा पिवळट रंग कडेला धरतो. इथे काहीच नव्हतं. दुकानातल्या काचेत ठेवल्यासारखी लख्ख होती.

"या बाई हे दात वापरतच नाहीत," ती म्हणाली आणि जे एरवी कधी करायची नाही ते तिने केलं. एप्रन झटकून पुढच्या खोलीत गेली.

बाकावर कंडक्टरबाई बसल्या होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, खांद्यावर पिशवी अशी तिरपी अडकवलेली की तिच्यात अजून तिकिटांचा गठ्ठा असावा. तीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होत्या, म्हणून वस्ती अजून त्यांना त्याच नावाने हाक मारायची. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. शेजारी त्यांची मुलगी, चाळिशीची. शाळेची व्हॅन चालवायची. बोटात किल्ली गरगर फिरवत बसली होती.

"बाई, दात आवडले नाहीत का?" कवळीताईने सरळच विचारलं.

"छे हो! झकास आहेत. टीव्हीतल्या बायकांसारखे."

"मग घालत का नाही?"

"घालते की. रोज घालते."

"कुठे?"

मुलगीच म्हणाली, "सांग ना आई. स्वयंपाकघरात. दार लावून. ओट्याकडे तोंड करून दोन घास गिळते आणि परत डबीत. आणि ते दोन घास तरी रोज खातेस का, बोल."

"तू गप गं. गाडी चालव तू."

"आत्ता काय चालवू? बाकावर बसलेय मी."

कवळीताई बाकावर टेकली. डॉक्टरीण पेशंटच्या तोंडात आरसा घालून तशीच थांबली, तिचेही कान इकडेच. मग कंडक्टरबाईंनी पिशवीचा पट्टा चिमटीत धरून, कुणाची तरी चहाडी करावी तसं हळूहळू सांगितलं.

घरी नवरा. वस्तीला तो डायवर म्हणून ठाऊक. बाईही त्याला डायवरच म्हणायच्या, तो त्यांना कंडक्टर. दोन वर्षांपासून त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी किल्ल्या विसरला, मग गल्ली, मग जेवलो की नाही ते. बायकोला मात्र विसरला नव्हता. तिचे दात एकेक करून गेले ते त्याच्यादेखतच, त्यामुळे तिचं बोळकं तोंडही त्याला आपल्या घरचंच वाटायचं. "ए कंडक्टर, चहा," म्हणून हाक यायची आणि दिवस चालायचा. मग ही कवळी आली. पहिल्या दिवशी बाई हौसेने दात लावून त्याच्यासमोर ताट घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "चला डायवर, जेवून घ्या." तो ताडकन उठून उभा राहिला.

"मला म्हणतो, मॅडम, गाडी वेळेवर आहे. सगळ्यांना तिकिटं दिलीत, तुम्ही हवं तर मोजा." कंडक्टरबाई हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आमच्या डेपोला एक चेकर मॅडम होती. अशीच सरळ दातांची, शब्द कसा स्वच्छ, धुतल्यासारखा. सगळे टरकायचे तिला. आता मी त्याला चेकर झाले. आणि चेकरसमोर जेवायचं नाही, हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम. ताट समोर, हात मांडीवर, आणि माणूस उपाशी. दात काढले की दहा मिनिटांनी परत माझा. मग खातो."

"आणि तुम्ही?"

"मी काय, बिस्किट बुडवते."

"म्हणजे तुम्ही दात लावले की ते उपाशी, आणि काढले की तुम्ही."

"चाळीस वर्षं एका डब्यात जेवलो हो. आता एका वेळी एकालाच जमतं." मग घाईघाईने त्या म्हणाल्या, "तुमचा दोष नाही ताई. दात फार देखणे केलेत."

"तुमचे मूळचे कसे होते?"

"माझे? मेले वेडेविद्रे. हा इकडचा सुळ्याजवळचा दुसऱ्यावर चढलेला. मधे फट."

"मग मेणाची ट्रायल लावून आरसा हातात दिला, तेव्हा का नाही बोललात?"

कंडक्टरबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की हिला एवढंही कळू नये. "सात महिन्यांनी नंबर लागला. एवढ्याशा पैशात एवढे सुंदर दात देताय. त्यात मी म्हणू, की मला माझा वाकडाच पाहिजे? लोक म्हणाले असते, म्हातारीला फुकटात चोचले सुचतायत."

कवळीताईच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. आठ वर्षांत तिच्या हातून शेकडो कवळ्या गेल्या असतील. कुणीही, कधीही, आरशात बघून "मला हे असं नको" म्हटलं नव्हतं. ती त्याला आपल्या हाताची तारीफ समजत आली होती.

"कवळी ठेवून जा," ती म्हणाली.

"परत घेताय?" बाईंचा हात पटकन पुढे आला.

"पुढचे सहा कापून काढते आणि तुमचे तुम्हाला बसवून देते. रविवारी. माझ्या सुट्टीत करीन, म्हणजे यादीतल्या कुणाचा नंबर मागे जायला नको."

आता सहा दात कापणं सोपं. पण वाकडे बसवायचे ते कसे? सरळ ओळ सगळ्यांची सारखी असते, वाकडी ज्याची त्याची वेगळी. फोटो मागवले तर कामाच्या ओळखपत्रावर बाई तोंड मिटून, गुन्हेगारासारख्या. लग्नाच्या फोटोत खाली मान. "तेव्हा दात दाखवायची टाप होती का कुणाची?" बाई म्हणाल्या. एकूण आयुष्यात हसताना त्यांना कुणी टिपलंच नव्हतं. शेवटी कवळीताईचं लक्ष मुलीच्या तोंडाकडे गेलं. मुलगी काहीतरी कुरकुर करत होती आणि तिचा डावा सुळ्याजवळचा दात शेजारच्यावर चढून बसलेला होता.

"आ करा बघू."

"मी? मला काही झालं नाहीये!"

"झालंय ना. आईचं तोंड मिळालंय."

मुलीचं माप घेतलं. माप घ्यायचा तो गार लगदा तोंडात गेल्यावर ती अशी ओकारली, की बाकावरचे दोन पेशंट उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. "शाळेत याच दातावरून पोरं चिडवायची मला," ती तोंड पुसत म्हणाली. "आज पहिल्यांदा कुणाला तरी पाहिजे झालाय."

रविवारी दवाखाना बंद. कवळीताईने मुलीचा साचा समोर ठेवला आणि कामाला बसली. बोटं ऐकेनात. दात मेणात टेकवला की बोट आपोआप त्याला सरळ करायचं. दोनदा ती स्वतःच्याच हातावर चापट मारून बसली. तिसऱ्या वेळी एकदाचा दात तिरपा बसला, तेव्हा तिला उगाचच हेड कारागिराची पट्टी पाठीमागे उभी असल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत ओळ तयार झाली, साच्याबरहुकूम. फटीसकट.

संध्याकाळी मुलगी दोघांना व्हॅनमधून घेऊन आली. डॉक्टरीणही मुद्दाम आली होती. डायवर मोठ्या हाडांचा, टोपी घातलेला, चालताना अजून पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा जपून टाकणारा. त्याला खुर्चीवर बसवलं. कंडक्टरबाईंनी आत जाऊन मेणाचे दात लावले, पदर नीट केला आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या हसल्या. वाकडा दात छान दिसला. वीस वर्षं उतरली चेहऱ्यावरून. मुलीने तोंडावर हात धरला.

"ओळखलंत का डायवर?"

तो उठला. टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम," तो म्हणाला, "आज रविवार आहे, गाडी डेपोत आहे. कंडक्टर घरी गेली. काही चुकलं असेल तर माझ्या नावावर घाला, तिच्या नको."

डॉक्टरीण भिंतीकडे वळली आणि तिथे लावलेला दात घासायच्या पद्धतीचा तक्ता वाचू लागली. कंडक्टरबाईंनी दात काढून कवळीताईच्या हातात दिले आणि नवऱ्याला धरून बाकावर नेऊन बसवलं. "बसा. गेली चेकर," एवढंच त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

कवळीताई मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर धप्पकन बसली. मागोमाग मुलगी.

"एवढा हुबेहूब बसवला," कवळीताई म्हणाली, "आणि यांना दिसत कसा नाही?"

"बाबांना तसंही धड दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, या अवस्थेत ऑपरेशन झेपायचं नाही."

कवळीताईने मान वर केली. "दिसत नाही? अगं बये, मग मी रविवारभर काय दात कोरत बसले होते? हे आधी कुणी सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही दात विचारलात, मी दात दिले."

हे खरंच होतं. कवळीताईने प्लास्टरचे पांढरे हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "बरं, आता विचारते. तुझ्या बाबाने तुझ्या आईला पाहिलं केव्हा? पहिल्यांदा?"

मुलीला हसू आलं. "पाहिलं ते फार उशिरा. आधी नुसतं ऐकलं. दोघं एकाच बसवर. बाबा पुढे, नजर रस्त्यावर, मधे जाळी. आई मागे गर्दीत. ड्यूटी संपली की हा गाडी लावायला जायचा आणि ही हिशेब द्यायला. दीड वर्ष म्हणे याला हिचा चेहरा धड ठाऊक नव्हता. याने लग्नाचं विचारलं तेही स्टेअरिंग धरून, समोर बघत. ही म्हणाली, आधी सिग्नल बघा."

"ऐकलं म्हणजे काय ऐकलं?"

"आईचं ते, 'सरका पुढे, सरका, सुट्टे काढून ठेवा.' तिच्या 'स'ला एक शीळ होती. त्या फटीतून यायची. आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिची नक्कल करायची. मी तर सगळ्यात भारी."

"कर."

मुलीने दाराकडे पाहिलं आणि मग केली. तिच्याही दातातून ती शीळ निघाली, पण जाडीभरडी. "नाही, अशी नाही," ती स्वतःच म्हणाली. "आईची बारीक होती. सुईसारखी. माझी फट जरा मोठी आहे."

शीळ. आयुष्यभर कवळीताईने जी गोष्ट शोधशोधून मारली होती ती ही. कवळी बोलताना शिट्टी मारायला लागली, की लॅबमध्ये ती परत यायची आणि हेड कारागीर सगळ्यांसमोर विचारायचा, "ही कुणाची किटली?" टाळूच्या बाजूला, पुढच्या दोन दातांच्या मागे मेणाचा उंचवटा केसभर इकडचा तिकडे झाला की हवा निसटते. हवेची ती वाट कशी बुजवायची हे तिला झोपेतही ठाऊक होतं. उघडी कशी ठेवायची, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी या," ती म्हणाली. "सकाळपासून. आणि डबा घेऊन या."

तो रविवार मागच्या खोलीत तिघींचा गेला. डायवर खाली अंगणात व्हॅनमध्ये, स्टेअरिंगसमोर. तिथे बसवला की तो तासन्‌तास शांत असायचा. किल्ली अर्थातच मुलीच्या खिशात. खिडकीतून त्याची टोपी दिसत होती.

कवळीताई गरम पातं घेऊन मेण खरवडायची, कंडक्टरबाई दात लावून बोलायच्या आणि मुलगी डोळे मिटून ऐकायची.

"सरका पुढे, सरका."

"नाही. ही सापाची झाली."

खरवड. लावा.

"सुट्टे द्या, सुट्टे. साहेब, सहाची नोट नसते."

"ही किटली."

"बघा ना," कंडक्टरबाई म्हणाल्या, "सासूला सुद्धा एवढं सोसलं नव्हतं मी."

"आई, तेच परत म्हण. सासूला सोसलं. त्यात दोन 'स' जवळजवळ आहेत."

"दोन नाहीत, चार आहेत. आणि सासूच्या नावाने किती वेळा ओरडू? शेजारी ऐकतील."

"म्हणा हो बाई," कवळीताई पात्यावर फुंकर घालत म्हणाली, "सासूही आता ऐकायला नाही, आणि असली तरी दवाखान्यात कोण येतंय."

तिघी हसल्या, मेण खाली पडलं, पुन्हा बसवलं. अकरा वाजले, बारा वाजले. एकदा शीळ अजिबातच गेली आणि स्वच्छ, धुतलेला 'स' निघाला. कंडक्टरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. चेकर परत आली होती. कवळीताईने दोन दातांच्या मागून नखाच्या कडेपेक्षाही बारीक सालपट काढलं. मग दुसऱ्या बाजूने अर्ध्याहून कमी. बोटाने गुळगुळीत केलं.

"म्हणा."

"सरका पुढे, सरका. शाळेचा स्टॉप आला."

मुलीने डोळे उघडले नाहीत. पण ती स्टुलावरून उठून उभी राहिली. "आले, आले," ती म्हणाली, लहानपणी आईच्या बसमधून शाळेपाशी उतरताना म्हणायची तसं. आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं तशी ती पटकन खिडकीकडे वळली आणि नाक पुसत म्हणाली, "हीच. आता हात लावू नका त्याला. ताई, प्लीज, लांब व्हा."

कवळीताईने पातं खाली ठेवलं.

"समोर नको उभी राहूस," मुलगी आईला म्हणाली. "मागून ये."

त्या तिघी खाली गेल्या. मुलीने व्हॅनचं मागचं दार सरकवलं. कंडक्टरबाई डबा घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या, कवळीताई त्यांच्यामागे, शाळेच्या पोरांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. मुलगी दाराशीच उभी राहिली. डायवर समोर बघत होता. समोर दवाखान्याची भिंत होती आणि एक वाळत घातलेला एप्रन.

कंडक्टरबाई बोलायच्याच थांबल्या. एक हात डब्यावर, दुसरा गळ्याशी. त्यांचा जीव कसा टांगणीला लागलाय ते कवळीताईला मागून नुसत्या खांद्यांवरून दिसत होतं. तिने पुढे वाकून त्यांच्या पाठीला एक बोट लावलं.

"सरका पुढे," कंडक्टरबाई म्हणाल्या, आधी पुटपुटल्या, मग आवाज काढून, भरलेल्या गाडीत काढावा तसा, "सरका, सरका, सुट्टे काढून ठेवा!"

डायवरने मान वळवली नाही. त्याचा डावा हात उठला आणि गिअरवर जाऊन बसला.

"बेल दे ना मग," तो म्हणाला. "केव्हाची थांबलीये गाडी. कुठे होतीस तू?"

दाराशी उभ्या मुलीने बोनेटकडे तोंड फिरवलं. कंडक्टरबाईंचे खांदे दोनदा हलले. मग त्या म्हणाल्या, "गर्दी होती हो. यायला वेळ लागला."

"भूक लागली. डबा काढ."

डबा उघडला. भात आणि बटाट्याची भाजी. त्यांनी मागूनच हात पुढे करून त्याला डबा दिला आणि तो खाऊ लागला, घासामागे घास, समोर बघत, जसा दोन फेऱ्यांच्या मधे खात असेल तसा. त्या बोलत राहिल्या. सकाळी पाणी किती वाजता आलं, वरच्या शेजारणीच्या सुनेने काय केलं, सगळं. मुद्दाम 'स' शोधून शोधून बोलत होत्या. त्याने मधेच डब्यातला एक बटाटा उचलला आणि खांद्यावरून मागे धरला.

"तू जेव की."

कंडक्टरबाईंनी वळून मागे पाहिलं. डोळ्यांनीच विचारलं, एक घास?

कवळीताईने जोरात मान हलवली. मेण होतं ते. एका बटाट्यात सगळी सकाळ गेली असती.

"माझं मागाहून," बाई म्हणाल्या. "तुम्ही संपवा. मग मी सावकाश."

त्याने संपवला. डबा पुसून बंद केला. तेव्हा बाईंनी पदराआड दात काढले आणि कवळीताईने पुढे केलेल्या ओल्या रुमालात ठेवले. तेवढ्यात डायवर वळला. धुरकट डोळे बारीक करून बायकोच्या आत गेलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. बोळक्या तोंडाची ती त्याला परकी नव्हतीच, पण आज काहीतरी कमी पडतंय हे त्याला जाणवलं असावं.

"दात कुठे गेले?"

"डेपोत दिलेत," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीला."

हे त्याला एकदम पटलं. वस्तू बिघडली की डेपोत जाते. "किती दिवस?"

"चार."

"डेपोवाले चार म्हणाले की आठ धर."

"आठ काय म्हणून?" मागच्या बुटक्या बाकावरून कवळीताई उसळली. "चार म्हणजे चारच! गुरुवारी हातात देते."

डायवरने आरशातून मागे बघायचा प्रयत्न केला. "ही कोण?"

"डेपोचीच आहे."

"मग सांग तिला," तो म्हणाला, "जरा लवकर कर म्हणावं. माझी कंडक्टर उपाशी बसलीय."

"हो साहेब," कवळीताई म्हणाली. ती रुमाल दोन्ही हातांत धरून गाडीतून उतरली, चहालाही थांबली नाही, आणि मागच्या खोलीत जाऊन तिने साचा उकळायला पाणी ठेवलं.